रवा आणि पोत : ग्रॅनाइटच्या अभ्यासाची प्रस्तावना

मराठवाड्याचे वर्णन करताना काळी माती आणि काळा पाषाण यांच्यापलीकडे सहसा कोणी जात नाही, आणि विभागाच्या बहुतेक भागापुरते ते वर्णन खरेही आहे. कारण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरत गेलेल्या बेसाल्टच्या लाव्ह्याने येथील जुनी भूमी झाकून टाकली. परंतु नांदेड जिल्ह्यात, देगलूर, मुखेड, बिलोली या तालुक्यांत आणि वर किनवटच्या बाजूला, हे पांघरूण विरत जाते व त्याखालून गुलाबी आणि करड्या रंगाचा ग्रॅनाइट वर येतो. जमीन तांबूस व वाळूमिश्र होते, माळावर गोलसर धोंडे एकावर एक रचल्यासारखे दिसू लागतात, आणि तेलंगणाच्या दिशेने जावे तसा काळा पाषाण मागे पडतो. हा ग्रॅनाइट दक्षिण भारताच्या प्राचीन गाभ्याचा, भूवैज्ञानिक ज्याला पूर्व धारवाड खंड म्हणतात त्याचा, उत्तरेकडचा भाग असून त्या खंडातील ग्रॅनाइटांचे वय साधारण अडीच अब्ज वर्षांच्या घरात जाते.

लातूर जिल्हा मात्र बेसाल्टखाली झाकलेला आहे, आणि तेथील तळाच्या खडकाची ओळख एका मोठ्या आपत्तीनंतर झाली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने हजारो माणसे दगावली; त्यानंतर किल्लारीजवळ ६१७ मीटर खोलीपर्यंत जे वेधन झाले, त्यात ३३८ मीटर बेसाल्ट, त्याखाली अवघा ८ मीटर जाडीचा गाळाचा थर आणि त्याखाली थेट प्राचीन स्फटिकी खडक लागला. तो देगलूरसारखा साधा ग्रॅनाइट नव्हता. कवचात खोलवर भाजून, दाबून पालटलेले खडक तेथे अपेक्षेपेक्षा पुष्कळ वर आलेले आढळले. म्हणजे नांदेडच्या कडेला जे उघड्यावर दिसते आणि लातूरच्या खाली जे झाकलेले आहे, ती एकाच जुन्या भूमीची दोन रूपे आहेत, आणि त्यांच्यातला फरक ओळखायचा तर खडकातील कण न् कण वाचावा लागतो. प्रस्तुत ग्रंथाचा विषय हे वाचन हाच आहे.

विषयाची व्याप्ती आधी स्पष्ट करणे इष्ट होईल. जमिनीखाली वितळलेल्या अवस्थेत असलेल्या खडकाला शिलारस म्हणतात. तो भूपृष्ठावर आला की त्याला लाव्हा हे नाव मिळते. शिलारसाचा स्वभाव प्रामुख्याने त्यातील सिलिकेच्या, म्हणजे सिलिकॉन व ऑक्सिजन यांच्या संयुगाच्या, प्रमाणावर ठरतो. बेसाल्टच्या शिलारसात सिलिका वजनाने ५० टक्क्यांच्या आसपास असते, ग्रॅनाइटच्या शिलारसात ती ७० टक्क्यांच्या आगेमागे असते. आणि सिलिका वाढली की तिचे अणू एकमेकांना साखळ्यांनी व जाळ्यांनी बांधून घेतात, त्यामुळे रस घट्ट, चिकट आणि मंद होतो. असा सिलिकायुक्त रस निवताना त्यात स्फटिक कसे जन्मतात, कसे वाढतात आणि शेजारच्या स्फटिकांशी जुळवून घेत खडकाला कोणती वीण देतात, एवढाच प्रश्न येथे घेतला आहे. या विणीला मराठी विश्वकोशाने वयन असा शब्द वापरला आहे. बोलण्यात पोत म्हटले तरी तेच कळते, आणि कापडाचा पोत व दगडाचा पोत यांना एकच शब्द असावा हे मराठीचे भाग्यच म्हणावे लागेल, कारण दोन्हीकडे प्रश्न धाग्यांचा नसून ते कसे विणले गेले याचा असतो.

स्फटिकासाठीही मराठीत एक घरगुती शब्द तयार आहे, तो म्हणजे रवा. तूप सावकाश निवले की त्याला रवा धरतो आणि ते रवाळ होते, काकवी बरेच दिवस राहिली की बुडाशी साखरेचे रवे बसतात, हे प्रत्येक घरात ठाऊक आहे. या अनुभवावरूनच पाठ्यपुस्तकांतले ते सुप्रसिद्ध वाक्य पटकन पटते : जो खडक सावकाश निवतो त्याचे कण मोठे, जो चटकन निवतो त्याचे कण बारीक. त्यात तथ्य आहे. मुंबईच्या किनाऱ्यावर मनोरी, गोराई, उत्तन या भागांत सिलिकायुक्त लाव्ह्याचे खडक आहेत. त्यांचे रासायनिक संघटन ग्रॅनाइटच्या जवळ जाणारे असूनही ते भूपृष्ठाजवळ निवल्याने त्यांचे कण डोळ्यांनी वेगळे ओळखता येत नाहीत, तर देगलूरच्या दगडातले दाणे हातभर अंतरावरूनही मोजता येतात. तरीही ते वाक्य अर्धे सत्य आहे, आणि या ग्रंथाची सगळी मांडणी त्या उरलेल्या अर्ध्यासाठी आहे.

उरलेले अर्धे सत्य समजण्यास लातूरच्या उसाच्या पट्ट्यातील साखर कारखाना हे उत्तम ठिकाण आहे. पॅनमध्ये उकळणाऱ्या घट्ट रसात साखर आपोआप धरण्याची वाट पाहिली जात नाही; साखरेची अतिबारीक पूड मोजून बी म्हणून सोडली जाते आणि त्यानंतर रसाची घट्टी अशी सांभाळली जाते, की असलेले रवे वाढत राहावेत पण नवे धरू नयेत. घट्टी हाताबाहेर गेली तर असंख्य बारीक रवे एकदम उठतात, उपलब्ध साखर त्यांच्यात वाटली जाते आणि कोणताच रवा मोठा होत नाही. मग पाणी सोडून ते विरघळवावे लागतात. येथे दोन वेगळ्या क्रिया दिसतात. एक बीजनिर्मिती, म्हणजे रसातील विस्कळीत अणूंमधून स्फटिकाचा पहिला स्थिर गाभा तयार होणे. दुसरी वाढ, म्हणजे त्या गाभ्यावर थर चढणे. रव्यांचा आकार या दोहोंच्या चढाओढीवर ठरतो, केवळ काळावर नाही.

शिलारसातही हेच घडते, पण अधिक गुंतागुंतीने. स्फटिक ज्या तापमानाला जन्मू शकतो त्या तापमानाला तो लगेच जन्मत नाही, कारण इवल्याशा गाभ्याला घनफळाच्या मानाने पृष्ठभाग फार असतो आणि नवा पृष्ठभाग निर्माण करण्यास ऊर्जा खर्ची पडते. म्हणून रस त्या तापमानाच्या काहीसा खाली जावा लागतो. या खाली जाण्याला अतिशीतन म्हणतात. अतिशीतन थोडे असेल तर बीजे मोजकी आणि वाढ चांगली, ते बरेच असेल तर बीजे असंख्य आणि वाढ खुंटलेली, आणि ते टोकाला गेले तर अणूंना हलायलाच अवकाश उरत नाही व रस काचेच्या रूपात गोठतो. त्यातही क्वार्ट्‌झ, म्हणजे ज्याला गारगोटी म्हणतात ते खनिज, आणि फेल्डस्पार गटातील निरनिराळी खनिजे यांची बीजे धरण्याची सहजता सारखी नाही. म्हणून एकाच रसात एका खनिजाचे थोडे पण मोठे आणि दुसऱ्याचे पुष्कळ पण लहान दाणे शेजारी शेजारी वाढू शकतात. मोठा दाणा आधी जन्मला असे त्यावरून सिद्ध होत नाही. नवशिक्या अभ्यासकाची सर्वाधिक फसगत येथे होते.

पाण्याचे काम याहून मोठे आहे. खोलवर दाबाखाली ग्रॅनाइटच्या रसात पाच-सहा टक्के पाणी विरघळून राहू शकते; ते सिलिकेच्या साखळ्या तोडते, रसाची श्यानता, म्हणजे वाहण्यास होणारा अंतर्गत विरोध, लाखो पटींनी उतरवते आणि कोरडा असता तर कितीतरी आधीच गोठला असता असा रस ७०० अंश सेल्सिअसच्या आसपासही वितळलेला ठेवते. अणू मोकळेपणाने फिरू लागले की वाढणाऱ्या स्फटिकापर्यंत द्रव्य पोहोचते. उलट हाच रस वर चढून दाब उतरला आणि पाणी वाफ होऊन निघून गेले, तर तापमान तसूभर न उतरताही रस एकाएकी अतिशीत ठरतो आणि बारीक रव्यांनी भरून जातो. बारीक कणांचा अर्थ दर वेळी थंडी असा नसतो, कधी तो सुटलेल्या पाण्याचा पुरावा असतो.

काळाचा हिशोब मांडला तर हा मुद्दा आणखी ठळक होतो. स्फटिक सेकंदाला मिलिमीटरच्या एक अब्जांश एवढ्याच, म्हणजे अत्यंत सावकाश, गतीने वाढतो असे धरले तरी वर्षाला ०.०३ मिलिमीटर वाढ होते आणि एक सेंटिमीटरचा दाणा तीनशेहून थोड्या अधिक वर्षांत पुरा होतो. ग्रॅनाइटचे मोठे पिंड मात्र हजारो ते लाखो वर्षे निवत असतात. मग उरलेल्या काळात काय घडत होते? दाणे काही काळ थांबले, विरघळले, पुन्हा वाढले, मोठ्यांनी लहानांना गिळले, नव्या रसाच्या भरतीने जुन्यांच्या कडा झिजल्या. खडकाचा पोत ही या सगळ्या घडामोडींची शेवटची नोंद असते, आणि शेवटची नोंद नेहमी आधीच्या नोंदी काही प्रमाणात पुसूनच लिहिली जाते.

या विषयाच्या इतिहासात मतभेदांना तोटा नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीतील वेर्नर यांच्या अनुयायांना ग्रॅनाइट हा आदिसागराच्या पाण्यातून साचलेला खडक वाटे. स्कॉटलंडच्या जेम्स हटन यांनी १७८५ मध्ये ग्लेन टिल्ट येथे ग्रॅनाइटच्या शिरा जुन्या खडकांत घुसलेल्या पाहिल्या आणि तो वितळलेल्या रसातून झाल्याचे मत दृढ केले. त्यांचे मित्र जेम्स हॉल यांनी भट्टीत दगड वितळवून दाखवले, की भरकन निवला तर त्याची काच होते आणि सावकाश निवला तर पुन्हा दगड होतो. रवाळ तुपाचा अनुभव प्रयोगशाळेत उतरला तो येथे. १८५८ मध्ये हेन्री सॉर्बी यांनी खडकाचा पारदर्शक होईल इतका पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याचे महत्त्व पटवून दिले, आणि पोताचे शास्त्र खऱ्या अर्थाने सुरू झाले. विसाव्या शतकात नॉर्मन बोवेन यांनी वितळवून-गोठवून केलेल्या प्रयोगांतून खनिजे कोणत्या क्रमाने बाहेर पडतात ते मांडले. त्यांचा अग्निज खडकांच्या उत्क्रांतीवरचा ग्रंथ १९२८ चा, तर टटल यांच्यासह केलेला ग्रॅनाइटवरचा निर्णायक अभ्यास १९५८ चा.

या दोन वर्षांच्या मधल्या काळात ग्रॅनाइटवरचा मोठा वाद गाजला. एका पक्षाचे म्हणणे असे, की पुष्कळसा ग्रॅनाइट रसातून झालेलाच नाही, जुने खडक घन अवस्थेतच द्रव्यांच्या शिरकावाने पालटून तो बनला; दुसऱ्या पक्षाला तो सर्वस्वी शिलारसाचाच वाटे. हर्बर्ट रीड यांनी ग्रॅनाइट एक नसून अनेक आहेत, अशी भूमिका घेतली. टटल व बोवेन यांच्या प्रयोगांनी शिलारसाच्या बाजूने कौल दिला हे खरे, पण पराभूत पक्षाचे निरीक्षण वाया गेले असे मानणे चुकीचे होईल. घन अवस्थेतही पोत बदलतो ही त्यांची गोष्ट आज सर्वमान्य आहे. पुढे १९७४ मध्ये चॅपेल आणि व्हाइट यांनी ग्रॅनाइट कशाच्या वितळण्यातून आला, अग्निज खडकाच्या की गाळाच्या, यावरून वर्ग पाडले. १९७७ मध्ये स्वॉन्सन यांनी ग्रॅनाइटसदृश रसात बीजनिर्मिती आणि वाढ प्रत्यक्ष मोजली. १९८८ मध्ये मार्श यांनी खडकातील दाणे आकारवार मोजून त्यांच्या संख्येवरून वाढीचा इतिहास काढण्याची रीत बसवली. मोजमापाची ही परंपरा प्रस्तुत ग्रंथाला सर्वांत जवळची वाटते.

आजचा वाद वेगळा आहे. जमिनीखाली रसाने काठोकाठ भरलेली प्रचंड हंडी असते, हे जुने चित्र आता फारसे कोणी मानत नाही. बहुतेक काळ तेथे दाटीने बसलेले रवे आणि त्यांच्या फटींतला थोडासा रस, म्हणजे लापशीसारखे मिश्रण, असते आणि मोठे पिंड लहान लहान भरत्यांनी दीर्घकाळात रचले जातात, असे मत २००४ नंतर बळावले आहे. ग्रॅनाइटातील बोट-बोट लांबीचे गुलाबी फेल्डस्पार रसात मोकळे तरंगत वाढले, की शेवटच्या टप्प्यात लहान दाणे खाऊन फुगले, यावर अद्याप एकमत नाही. पेग्माटाइट या अतिभरड शिरांचे तर चित्रच उलटले आहे : वीतभर आणि हातभर स्फटिकांमुळे त्या अतिसावकाश निवल्या असाव्यात असे पिढ्यानपिढ्या शिकवले गेले, पण पातळ शिरा आजूबाजूच्या थंड खडकात लवकर निवतात हे उष्णतेच्या गणितातून दिसते, आणि त्यांतील पाण्याने समृद्ध, मोजकी बीजे असलेल्या रसात स्फटिक भराभर वाढले असे मानण्याकडे कल झुकला आहे. सावकाश म्हणजे मोठे, हे समीकरण येथे पुरते मोडते.

देगलूर परिसरातील गुलाबी ग्रॅनाइटचा ताजा फोडलेला तुकडा पाण्यात बुडवून उन्हात धरला, तर तीन गोष्टी लगेच वेगळ्या होतात : सपाट चकाकणाऱ्या पाट्या असलेले गुलाबी फेल्डस्पार, त्यांच्या फटींत काचेसारखा करडा क्वार्ट्‌झ, आणि काळ्या अभ्रकाचे, म्हणजे बायोटाइटचे, ठिपके. क्वार्ट्‌झला स्वतःचा आकार नाही, उरलेल्या जागेचा आकार त्याने घेतला आहे, यावरून तो शेवटपर्यंत वाढत होता असे म्हणता येते. असाच तुकडा घासून ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप केला आणि ध्रुवित प्रकाशात पाहिला, की या जातीच्या प्राचीन ग्रॅनाइटातल्या फेल्डस्पारवर लुगड्याच्या चौकडीसारख्या आडव्या-उभ्या रेघा उमटतात. ही चौकडी रसात विणलेली नाही. खडक पूर्ण घट्ट झाल्यानंतर, निवता निवता, स्फटिकाची अंतर्गत रचना पालटल्याची ती खूण आहे. फेल्डस्पारच्या पोटात दिसणाऱ्या फिकट नागमोडी पट्ट्याही तशाच, उष्णतेत एकरूप असलेली दोन द्रव्ये थंडीत विभक्त झाल्याच्या. क्वार्ट्‌झ फिरवताना त्यावरून सावली लाटेसारखी सरकली, तर तो पुढे केव्हातरी दाबला व पिळला गेला असे समजावे. एका नखाएवढ्या कापात रसाचा, निवण्याचा आणि नंतरच्या ताणाचा असे तीन काळ एकावर एक बसलेले असतात. ते सोडवणे हेच या शास्त्राचे कसब, आणि किल्लारीच्या वेधनातून आलेल्या पालटलेल्या खडकांत तर पहिला काळ जवळजवळ पुसलाच गेलेला असतो.

हा अभ्यास आजच का हवा, याचे उत्तर या जिल्ह्यांच्या दैनंदिन जीवनातच आहे. ग्रॅनाइटच्या पट्ट्यात विहिरीला पाणी लागते ते कुजून मुरूम झालेल्या वरच्या थरात आणि त्याखालच्या भेगांत, आणि खडक किती खोलवर व कसा कुजेल हे दाण्यांच्या आकारावर व त्यांच्या सांध्यांवर बऱ्याच अंशी अवलंबून असते. किनवटसह नांदेड जिल्ह्याच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड जास्त आढळते. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १.५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक फ्लोराइड दीर्घकाळ गेल्यास दात आणि हाडे बिघडतात, आणि ग्रॅनाइटातील बायोटाइट, अपेटाइट, फ्लोराइट ही खनिजे त्याचा प्रमुख स्रोत असतात. शिलारस गोठत आला तेव्हा फ्लोरिन कोणत्या दाण्यांत अडकले, हा अडीच अब्ज वर्षांपूर्वीचा प्रश्न आजच्या हातपंपापर्यंत येतो तो असा. बिलोली तालुक्यात मांजरेच्या पात्रातून उपसली जाणारी लाल रेती बांधकामासाठी नावाजलेली आहे. काळ्या पाषाणातून अशी रेती निपजत नाही, कारण त्यात क्वार्ट्‌झचा दाणा जवळजवळ नसतोच. देगलूर-मुखेडच्या खाणींतून निघणारा दगड झिलईदार लादी होतो की खडीच्या ढिगात जातो, हेही त्याच्या विणीवर व भेगांवर ठरते. पाणी, आरोग्य, बांधकाम आणि भूकंप या चारही बाबींत ज्या खडकाशी गाठ आहे, त्याच्याविषयी मराठीत सलग वाचायला मिळणारे लेखन फार थोडे असावे, ही उणीव या ग्रंथाच्या लेखकांना बोचत आली आहे.

म्हणून या ग्रंथाने स्वतःवर काही बंधने घालून घेतली आहेत. समीकरणे कमीत कमी ठेवली आहेत, पण बीजनिर्मिती आणि वाढ यांच्या गणिताला बगल दिलेली नाही, कारण ते टाळले की पोताचे वर्णन नुसती नावांची यादी होते. विश्वकोशाची परिभाषा जेथे अंगवळणी पडली आहे तेथे ती घेतली आहे, आणि ग्रॅनाइट, क्वार्ट्‌झ, पेग्माटाइट असे रुळलेले शब्द ओढूनताणून बदललेले नाहीत. फिनलंड, कॅलिफोर्निया, स्कॉटलंड येथील नामांकित उदाहरणे आवश्यक तेथे येतात, परंतु प्रत्येक तत्त्व शक्यतो पूर्व धारवाड खंडातल्या खडकावर घासून पाहिले आहे. जेथे एकाच पोताचे दोन अर्थ संभवतात तेथे दोन्ही दिले आहेत आणि ग्रंथाचा कल कोणीकडे आहे तेही सांगितले आहे. वाचकाने तो मान्य केलाच पाहिजे असे नाही, पुरावा मात्र त्याने स्वतः पाहावा. या ग्रंथात लातूरच्या बेसाल्टखालच्या खडकाबद्दलचे विधान जाणीवपूर्वक मोजके आहे, कारण शेकडो मीटर खोल झाकलेल्या भूमीविषयी एका वेधनाच्या बळावर सरसकट बोलणे शास्त्राला धरून होणार नाही.

नांदेडला १९९४ मध्ये स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात भूशास्त्राचे शिक्षण मिळते, आणि ग्रॅनाइटचे माळ तेथून एका दिवसात जाऊन येण्याजोगे आहेत. अशी सोय भूशास्त्राच्या सगळ्याच विद्यार्थ्यांना लाभत नाही. मात्र रस्त्यांसाठी फोडलेल्या दरडी आणि खाणींचे ताजे कडे कायम राहत नाहीत. पाऊस त्यांचा मुरूम करतो, किंवा सुरुंग लागून ते खडीत जातात. देगलूर, मुखेड, बिलोली आणि किनवटच्या शाळा-महाविद्यालयांतील शिक्षकांना म्हणूनच एक विनंती आहे : गावाजवळच्या प्रत्येक खाणीतला मुठीएवढा ताजा तुकडा आणावा, त्यावर गावाचे नाव, तारीख आणि तो कड्याच्या कोणत्या भागातून घेतला ते तेलरंगाने लिहावे, आणि दहापट मोठे दाखवणारे भिंग त्याच्याशेजारी ठेवून तो विद्यार्थ्यांच्या हाताला येईल अशा फळीवर मांडावा.